वारी एसटीत, सभा मैदानात

हा पंढरपुरातल्या एका दुकानासमोरचा पांढरा गोल बघा, अर्धा पुसलाय. जून २०२० मधला आहे, कोरोनाच्या लॉकडाऊननंतर दुकानं उघडायला परवानगी मिळाली तेव्हाचा. मालकाने स्वतः उकिडवं बसून ऑइलपेंटने मारला, एका गोलात एक गिऱ्हाईक. खरंतर तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं, विठ्ठल मंदिर १७ मार्चपासून बंद, गावात बाहेरचं माणूस नाही, चुरमुरे बत्तासे बुक्का तुळशीमाळा घेणार कोण. तरी गोल मारले, कारण अंतर ठेवा असं सांगितलं होतं.

पंढरपूर चार वाऱ्यांवर जगतं. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. त्यात आषाढी म्हणजे वर्षाची कमाई, घरातल्या खोल्यासुद्धा वारकऱ्यांना भाड्याने जातात, आणि त्या वर्षी तीच गेली.

आता ही एसटी नीट बघा. फुलांनी सजवलेली, आत माउलींच्या पादुका. आळंदीहून १३ जूनला प्रस्थान झालं ते मोजक्या माणसांत, मग पादुका आळंदीतच आजोळघरी थांबल्या, तिथेच रोजची पूजा, कीर्तन, आणि ३० जूनला, दशमीला, थेट बसने पंढरपूर. बसमध्ये माणसं फक्त २०. ज्या सोहळ्यात दिंड्यांची रांग संपता संपत नाही तिथे २० माणसं, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. रस्त्याच्या कडेला लोक चपला काढून उभे आहेत, लांब लांब, बस गेली की हात जोडतात आणि मागे फिरतात. कुणी बसमागे पळालं नाही, कुणी अडवली नाही. ज्या घराण्यांत पिढ्यानपिढ्या वारी चुकली नव्हती त्यांनी ती घरात बसून केली, आणि हे कुणी काठी दाखवली म्हणून नाही केलं, आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको म्हणून केलं.

तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत आले, १ जुलैच्या पहाटे महापूजा झाली. मानाचा वारकरी दर वर्षी दर्शनरांगेतून निवडतात, यावेळी रांगच नाही, मग मंदिरात वीणा घेऊन पहारा देणाऱ्या वीणेकऱ्याला तो मान मिळाला. बाहेर हे चंद्रभागेचं वाळवंट, एकादशीच्या दिवशी. असं रिकामं आम्ही कधीच बघितलं नव्हतं.

पुढचं वर्ष. २१ फेब्रुवारी २०२१ ला मुख्यमंत्र्यांनी राज्याला सांगितलं, गर्दीचे राजकीय, धार्मिक, सामाजिक कार्यक्रम बंद, 'मी जबाबदार' म्हणा. दोन दिवसांनी माघी एकादशी, पंढरपुरात संचारबंदी, मंदिर बंद, लोकांनी लांबूनच कळसाला हात जोडले. आणि त्याच दिवशी, २३ फेब्रुवारीला, वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला त्याच सरकारमधले मंत्री संजय राठोड आले आणि तिथे हजारोंची गर्दी झाली. एकच दिवस, एकच राज्य.

मग एप्रिल. आमचे आमदार भारत भालके नोव्हेंबर २०२० मध्ये गेले, कोरोनातून उठल्यावर तब्येत बिघडली होती, म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याची ही पोटनिवडणूक लागली तीच मुळात या आजाराच्या मागून आली होती. मतदान १७ एप्रिलला. हे फुटेज त्याच महिन्यातलं. मैदान बघा, खुर्च्या चिकटून, स्टेजवर खांद्याला खांदा, मास्क हनुवटीला, आणि एका पक्षाचं नाही म्हणत मी, दोन्ही बाजूंचे मोठे नेते आले, दोन्ही बाजूंना अशीच गर्दी. १४ एप्रिलला रात्री ८ पासून राज्यभर कडक निर्बंध लागले, फक्त पंढरपूर-मंगळवेढ्याला मतदान होईपर्यंत सूट. त्याच आठवड्यात या गोलवाल्या दुकानदाराला मास्क नाकाखाली होता म्हणून ५०० ची पावती फाडली गेली. पावती त्यांनी जपून ठेवलीये, काउंटरच्या काचेखाली, विठोबाच्या फोटोशेजारी. ते म्हणाले, दंडाचं दुःख नाही, चूक होती माझी, पण स्टेजवरच्या एकाला तरी फाडायची होती. लोकांची अपेक्षा तेवढीच होती हो, जो नियम सांगतो त्याने आधी पाळावा, हात जोडून 'येऊ नका, घरूनच ऐका' एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं, हे गाव ऐकणारं आहे हे आषाढीला दिसलं होतं की.

मतदानानंतर तालुक्यात पेशंट वाढले, इलेक्शन ड्युटी केलेल्या शिक्षकांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या.

२३ एप्रिलला चैत्री एकादशी, मंदिर बंदच.

आणि हे जुलै २०२१, परत आषाढी. दहा मानाच्या पालख्या, प्रत्येकीला दोन एसटी. गावात परत संचारबंदी. कडेला तीच माणसं, लांब लांब उभी, चपला काढलेल्या. दुकानाचं शटर खाली आहे आणि मालक आतून, जाळीतून, बस जाताना बघतायत.