सरकीची लव आणि पितळेची पुंगळी

आता स्क्रीनवर जे दिसायलंय ते आपल्या परभणी जिल्ह्यातलं, मानवत भागातलं एक जिनिंग आहे. हंगाम चालू आहे, गाड्यांची रांग लागलीय, आत रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं पडायलीय. कॅमेरा जरा त्या सरकीच्या ढिगाजवळ नेऊ. एक दाणा हातात घेऊन नीट बघा, रुई सगळी निघाली तरी त्याच्यावर पांढरी-राखाडी बारीक लव राहिलेलीच असते, नखानं ओढली तरी सुटत नाही. तिला लिंटर म्हणतात. आपल्याकडं बरीचशी सरकी ही लव न काढताच घाण्यात जाते, लव पेंडीत जाते आणि पेंड म्हशीपुढं.

पण जगात याच लवेवर बंदुकीची गोळी उडते. 1846 मध्ये बाझेलच्या शोनबाइन नावाच्या रसायनतज्ज्ञानं ॲसिडमध्ये भिजवलेला कापूस किती भयंकर पेटतो ते जगापुढं आणलं, आणि 1884 मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच माणसानं त्याच्यापासून बंदुकीत वापरता येईल अशी धूर न होणारी दारू बनवली. त्या ॲसिडमधल्या कापसाला नायट्रोसेल्युलोज म्हणतात. आजचं जवळपास प्रत्येक काडतूस त्याच्यावरच चालतं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोपातले दारूगोळ्याचे कारखाने लिंटरसाठी धावायला लागले, कारण बराचसा माल चीनमधून यायचा, आणि मग तोफेच्या गोळ्यासोबत साध्या शिकारी काडतुसाची दारूसुद्धा महाग झाली.

आज बोलायचंय ते या तुटवड्याबद्दल. दुकानात काडतूस मिळेना झालं की माणूस काय करतो?

अमेरिकेत माणूस घरीच भरतो. तिकडं त्याला रिलोडिंग म्हणतात आणि ते कायद्यानं चालतं. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली प्रायमरची टिकली, आत दारू आणि पुढं शिशाची गोळी. उडाल्यावर गोळी गेली, दारू जळाली, टिकली फुटली, पण पितळ तसंच राहतं. तेच सगळ्यात जास्त मेहनतीचं काम असतं, म्हणून तिकडं रेंजवर लोक वाकून वाकून पुंगळ्या वेचतात, घरी आणून धुतात, परत भरतात, एकच पुंगळी कितीतरी वेळा, तोंडाशी चीर पडेपर्यंत. आपल्याकडं पोलिसांच्या फायरिंगनंतर पण पुंगळ्या वेचतात, पण त्या मोजून जमा करायला, एक कमी भरली की शोधाशोध सुरू.

आता या धंद्यातली मोठमोठी नावं कुठून आली बघा. 1943 साल, दुसरं महायुद्ध चालू, सगळं शिसं-पितळ-दारू फौजेकडं, शेतकऱ्याला आणि शिकाऱ्याला काही मिळेना. आयडाहोतल्या लुइस्टनमध्ये व्हर्नन स्पीअर नावाच्या माणसानं फेकून दिलेल्या पॉइंट 22 च्या, म्हणजे 0.22 इंच बोअरच्या बारीक काडतुसांच्या, रिकाम्या पुंगळ्या गोळा केल्या, त्या ताणून शिशाच्या गोळीवर आवरण म्हणून चढवल्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. त्याच साली कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टननं अशाच गोळ्या दाबून काढायचे साचे बनवले, त्याची आरसीबीएस कंपनी आजही रिलोडिंगची यंत्रं विकते. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडननं सरकारची उरलेली दारू विकत घेऊन किरकोळीत विकली. म्हणजे यातल्या कुणाकडं सुरुवातीला मोठी फॅक्टरी नव्हती, युद्धानं जे उष्टं टाकलं त्याच्यावर यांनी संसार मांडला, आणि मला या माणसांचं मनापासून कौतुक वाटतं.

पण एक गोष्ट यातल्या कुणालाच घरी जमली नाही, टिकली. गोळी ओतता येते, पुंगळी परत वापरता येते, दारू काटकसरीनं पुरवता येते, पण टिकली नाही. तिचा व्यास साडेचार ते सव्वापाच मिलिमीटर, मसुराच्या दाण्याएवढी, आत चिमूटभरसुद्धा नाही इतकं स्फोटक, तेही घाव बसला की पेटणारं. ते बनवताना हात जातात, डोळे जातात, म्हणून ते फॅक्टरीतच, ओलं असतानाच, भिंतीआडून हाताळतात. स्पीअरच्याच भावानं पुढं 1951 मध्ये टिकल्यांसाठी वेगळी कंपनी काढली, सीसीआय, तिच्या टिकल्या आजही सगळीकडं विकतात.

2020 मध्ये अमेरिकेत नेमकी हीच टिकली मिळेना झाली. कोरोना आला, भीतीनं लोकांनी बंदुका घेतल्या, तिथल्या बंदूक-उद्योगाच्या संघटनेचा अंदाज आहे की त्या एका वर्षात 84 लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. त्यात बंदुका, काडतुसं आणि टिकल्या बनवणारी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत टिकल्या बनवणारे मोठे कारखानेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तुटवडा पडला की ते आधी स्वतःच्या तयार काडतुसात टिकल्या घालणार, सुट्या विकायला उरणार काय? घरोघरी कपाटात पितळ आहे, दारू आहे, शिसं आहे, आणि टिकली नाही म्हणून सगळं बसून. हजार टिकल्यांची पेटी आधी 30-35 डॉलरला मिळायची, ती 100 च्या वर गेली तरी मिळेना. ज्यांनी आयुष्यभर स्वतःचं स्वतः भरलं त्यांनासुद्धा तेव्हा कळलं की आपण काडतूस भरत होतो, बनवत नव्हतो.

आता आपल्याकडं या. ही गोष्ट मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायची गरजच नाही, कारण त्यांच्याकडं भरमार होती. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक, काही जण नुसती ठासणीची म्हणतात. नळीच्या तोंडातून काळी दारू, चिंधी, छर्रे, गजानं ठासायचं, आणि मागं बोंडीवर केप बसवायची, टिकलीसारखीच, घाव बसला की पेटणारी. प्रत्येक बार हातानं भरलेला. छर्रे नसले तर लोक शिशाचे तुकडे घालायचे, पण केप मात्र दुकानातूनच आणावी लागायची, आणि केप संपली की बंदूक म्हणजे नुसती काठी. एका आजोबांना मी विचारलं, तुम्ही केपा कुठं ठेवायचे, तर म्हणले, "आरं लेकरा, दारू कोठीत आन् केपा तुझ्या आजीच्या डब्यात, मिठाच्या लांब, वल लागली की गेली." हे एक वाक्य मला या विषयावरच्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त पटलं.

आणि तुटवडा नुसता शेतकऱ्याला होतो असंही नाही. 1948 मध्ये निजामाला दारूगोळा मिळेना म्हणून सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रातोरात विमानं भरून शस्त्रं आणायचा, बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवायचा. ज्याला जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणायचे त्यालाही काडतूस घरात बनवता आलं नाही. गावागावात फिरणाऱ्या रझाकारांपैकी कितीतरी जणांच्या हातात भरमारच होत्या. 13 सप्टेंबरला फौज आत शिरली आणि 17 तारखेला सगळं संपलं.

आज शिवारात रानडुकरं आहेत, रोही आहेत, हरभरा-ज्वारी रात्रीत झोपवतात, शेतकरी माचाणावर डबे बडवत बसलेला असतो. ज्याच्याकडं लायसन्सची बारा बोअर आहे त्याला वाटतं काडतूस मिळत नाही, महाग झालंय, आपणच रिकामी भरून घेऊ, मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ तर ढिगानं आहेत. भावांनो, हे अजिबात करू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायला वेगळं लायसन्स लागतं, बंदुकीच्या लायसन्सवर ते चालत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. डुकरापायी जन्म जेलात जाईल. जिवाचंही तेच. धूर न होणारी दारू ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे 0.065 ग्रॅम, चुकून दुप्पट पडली तर नळी फुटून तुमच्याच तोंडावर येते. आणि ही नवी दारू जुन्या भरमारीत कुणीतरी घालतो, तिथं तर नळीचं काही खरंच राहत नाही, ती नळी काळ्या दारूच्या दाबासाठी बनलेली असते. जनावर मारायला वनखात्याची रीतसर परवानगी लागते ती वेगळीच.

आपली पॉइंट 22 रायफलीवर नेमबाजी करणारी पोरं तर याहून अडचणीत. स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ आणलं ते याच बोअरवर, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन. या काडतुसात टिकली नसतेच, स्फोटक पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं, त्यामुळं ते एकदा उडालं की सहसा कुणी परत भरत नाही, अमेरिकेत पण नाही. चांगलं मॅचचं काडतूस बाहेरून येतं. आपल्याकडच्या एखाद्या पोरीला स्कोअर वाढवायचाय आणि तिच्या वाट्याला गोळ्याच मोजून येतात, मग ती रिकामी रायफल धरून ड्राय प्रॅक्टिस करत बसते, तासन् तास. तिच्यासाठी तरी हा पुरवठा नीट व्हायला पाहिजे, मला तरी हे खेळाच्या मैदानाएवढंच महत्त्वाचं वाटतं.

वाईट याचं वाटतं की कारखाने लांब नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा, बारा बोअरची शक्तिमान काडतुसं तिथलीच. जळगाव जिल्ह्यात वरणगाव, तिथं फौजेच्या रायफलीच्या गोळ्या बनतात. भंडाऱ्याला दारू बनते, आणि जानेवारी 2025 मध्ये तिथं स्फोट होऊन कामगार गेले, एवढ्या बंदोबस्तातल्या जागेत, हे काम घरच्या टेबलावर का नको त्याचं याहून मोठं कारण मी काय सांगू. आणि कापूस तर आपल्याच शिवारात.

ज्यांच्याकडं लायसन्स आहे त्यांनी एवढं करा. लायसन्सवर वर्षाला किती काडतुसं घेता येतात ती मर्यादा लिहिलेली असते, ती कमी पडत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडं, संभाजीनगर शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडं अर्ज करून वाढवून मागता येते, सोबत पीक नुकसानीचे पंचनामे जोडा, आणि निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली असेल तर काडतुसांचा आकडा पावतीवर लिहून घ्या.