कवितेशेजारचं कोरं पान

मित्रहो, माझ्या वहीत डाव्या पानावर कविता असते आणि उजवं पान कोरं. कविता लिहून झाली तरी ते काही दिवस कोरंच राहतं. सुरुवातीला एवढा धीर नव्हता. पावसावर कविता झाली की लगेच शेजारी ढग, थेंब, छत्री. अशी एक जोडी मैत्रिणीला दाखवली. तिने चित्र पाहिलं, "छान आहे" म्हणाली आणि पान उलटलं. कविता वाचलीच नाही. वाचायला काही उरलंच नव्हतं, चित्राने सगळं सांगून टाकलं होतं.

तेव्हापासून चित्र काढण्याआधी बघते, कवितेत काय आलेलं नाही. वाट पाहण्यावरच्या एका कवितेत दार दोनदा आलं होतं, म्हणून चित्रातून दार गाळलं. एक खुर्ची काढली आणि तिच्या पाठीवर कुणाचा तरी स्वेटर टाकला. पाहणाऱ्याने विचारलं, "हा स्वेटर कुणाचा?" आणि तो उत्तर शोधायला पुन्हा कवितेकडे वळला. मला हवं होतं ते एवढंच.

रवींद्रनाथ ठाकुरांची चित्रकला तर खाडाखोडीतूनच वाढली. कवितेतले खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांना जोडत, आणि त्यातून पक्षी, मुखवटे, विचित्र प्राणी उभे राहत. १९२४ च्या सुमाराच्या हस्तलिखितांत हे ठळक दिसतं. पुढे १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. शब्दांवर एवढी हुकूमत असलेला हा माणूस चित्रांना नावं द्यायला मात्र तयार नसे. मला यात फार मोठा विश्वास दिसतो, चित्रावरचा आणि पाहणाऱ्यावरचाही.

इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकने १७८८ च्या सुमारास वेगळी वाट काढली. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने तो कविता आणि चित्र एकत्रच उतरवायचा, अक्षरं उलटी. आम्लाने उरलेला पत्रा झिजला की ओळी उठून दिसत. छापलेली पानं तो आणि त्याची पत्नी कॅथरिन हाताने रंगवत, त्यामुळे एकाच कवितेच्या दोन प्रतींत रंग सारखे नसत.

राहिलं दुसऱ्याला दाखवणं. माझा आग्रह एवढाच, की पहिल्यांदा पान एकाच माणसाच्या हातात द्यावं आणि आपण गप्प बसावं. "ही मला अशी सुचली" वगैरे काही सांगू नये. हे जमायला मला काही वर्षं लागली, कारण जीव तुटत असतो. पण गप्प राहिलं की त्याची नजर कुठे थबकते, कवितेवरून चित्राकडे जाऊन परत येते का, हे दिसतं. परत आली नाही, तर मी घरी जाऊन चित्र बदलते. कवितेला शक्यतो हात लावत नाही.

आज दहा-बारा पानं आणली आहेत. मागच्या टेबलावर ठेवते. हाताळून बघा, मी काही बोलणार नाही.