गवती चहाच्या वासाचं शहर

(पहाट. नदीवर धुकं. लोखंडी पुलावरून सायकली जाताना.)

मध्य व्हिएतनाममधलं ह्वे. समोरची नदी हुओंग, म्हणजे सुगंधी नदी. 1802 पासून 1945 पर्यंत नग्युएन राजांची राजधानी इथे होती. आपल्याकडच्या सहली बहुतेक वेळा दा नांगहून इथे येतात. शंभरेक किलोमीटरचा प्रवास, किल्ला, एखाद्या राजाची समाधी, दुपारी भारतीय हॉटेलात डाळ-भात, आणि संध्याकाळी बस परत.

किल्ला या फिल्ममध्ये फारसा दिसणार नाही. आम्ही खायला आलो होतो, आणि ह्वेत खायचं तर पहाटे इथेच जाग यायला हवी.

(फूटपाथ. बुटकी प्लास्टिकची स्टुलं. मोठ्या पातेल्यातून वाफ.)

चित्रातून वास पोचत नाही, म्हणून सांगतो: गवती चहा. आपण त्याची पात चहात टाकतो. इथे त्याचे जाड बुंधे ठेचून, जुड्या बांधून रश्श्यात सोडतात. रस्सा गोमांसाच्या हाडांचा, सोबत डुकराचे पाय. हे ‘बुन बो ह्वे’. बुन म्हणजे तांदळाच्या शेवया, बो म्हणजे गाय. ज्यांना चालत नाही त्यांनी हा भाग नुसता बघावा. पुढे त्यांच्यासाठीही आहे.

आता या बाईंच्या हाताकडे बघा. वाडग्यात जांभळट-तपकिरी काहीतरी पाण्यात कालवून ठेवलंय. हे ‘माम रुओक’. रुओक म्हणजे आपला जवळाच. कोकणात तो वाळूवर पसरून सुकवतात, इथे मिठात मुरवून त्याचा लगदा करतात. तो लगदा थेट पातेल्यात गेला तर रस्सा गढूळ होतो आणि वास डोक्यात जातो. म्हणून आधी पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळी तेवढी हलक्या हाताने ओतायची. घाई केली की सगळं फसलं. वरचा लाल तवंग मिरचीचा वाटतो. त्यातला बराचसा रंग शेंदरीच्या बियांचा असतो. तिखट वेगळं ठेवलेलं असतं, आपापल्या हिमतीवर घ्यायचं.

उत्तर व्हिएतनाममधल्या ‘फो’ या रश्श्यातल्या शेवया चपट्या, या गोल आणि जाड. सोबत बारीक चिरलेलं केळफूल, पाला, लिंबू. ली थुओंग किएत रस्त्यावर आणि डोंग बा बाजारात हे सकाळी सकाळी मिळतं. उन्हं वर आली की चांगल्या पातेल्यांचा तळ दिसायला लागतो.

(नदीतलं बेट. अरुंद गल्ली. चुलीवर रुंद कढई, बांबूने ढवळणारे हात.)

हे कोन हेन, नदीतलं छोटं बेट. हेन म्हणजे शिंपल्या, नखाएवढ्या. तिसऱ्यांची सवय असलेल्या डोळ्यांना या खेळण्यातल्या वाटतात. आधी पाण्यात ठेवून त्यांच्या पोटातली रेती काढतात. मग उकळतात, आणि उकळताना सतत ढवळतात. शिंपली तोंड उघडते, मांस सुटतं. मग पाण्यात टोपलीने हिंदकळून टरफलं एका बाजूला आणि कण दुसऱ्या बाजूला. एका वाटीसाठी किती शिंपल्या लागतात ते मोजायचा प्रयत्न आमच्या कॅमेरामनने केला आणि सोडून दिला.

(निवेदन नाही. टरफलांचा आवाज, वीस सेकंद.)

नदीत शिंपल्या पूर्वीसारख्या सापडत नाहीत. बराच माल आता बाहेरून येतो.

‘कॉम हेन’ म्हणजे या शिंपल्यांचा भात, तोही मुद्दाम गार. काल उरलेल्या भातापासून सुरू झालेलं गरिबाचं खाणं, असं इथे सांगतात. वर शिंपल्या, अळूच्या जातीचे कच्चे देठ, केळफूल, करमळाच्या आंबट चकत्या, शेंगदाणे, तीळ, डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे, माम रुओक, मिरची. शेजारी शिंपल्यांचं गरम पाणी वेगळ्या वाटीत. काही जण ते भातावर ओतून घेतात, काही जण मधूनमधून पितात. बेटाजवळच्या हान माक तू रस्त्यावर आम्ही खाल्लं तेव्हा वाटीला 15,000 डोंग, म्हणजे आपले पन्नास रुपये पडले.

(रोषणाई केलेलं सभागृह. गाजराचा कोरलेला पक्षी.)

हेही दाखवायला हवं. पाहुण्यांना राजेशाही पोशाख चढवून दिलं जाणारं दरबारी जेवण. गाजराचा फिनिक्स सुंदर आहे, पण तो खाता येत नाही. दरबारचा नेटकेपणा चाखायचा असेल तर दुपारी ‘हांग मे’सारख्या साध्या खानावळीत बसा.

(बश्यांची चळत. वाफ. झाकण उचलणारा हात.)

‘बान बेओ’. तांदळाचं पातळ पीठ एवढ्याशा बशीत ओतून वाफवायचं. मध्ये खळगा पडतो, त्यात सुक्या कोळंबीचा चुरा आणि कांद्याच्या पातीचं तेल. एका ताटात आठ-दहा बश्या, एकेक घास. शेजारी पानात गुंडाळलेलं चपटं आहे ते ‘बान नाम’, दिसायला थेट पातोळीचं भावंड. आत मात्र गूळ-खोबरं नाही, कोळंबी.

(पौर्णिमा. पॅगोडाबाहेर कमळं विकणारी बाई.)

आता शाकाहारी मंडळी. पाटीवर ‘चाय’ दिसलं तर चहा समजून आत शिरू नका. तरीही शिराच, कारण व्हिएतनामी ‘चाय’ म्हणजे शाकाहार. ह्वे बौद्ध मठांचं गाव आहे. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी इथली अनेक घरं शाकाहारी होतात. आपल्याकडे एकादशीला साबुदाणा भिजतो तसं. ले क्वी डोन रस्त्यावरच्या ‘लिएन होआ’मध्ये फणसाची, अळंब्यांची, टोफूची ताटं लागतात. एरवी व्हिएतनाममध्ये नुसत्या भाजीतही मासळीचं पाणी असू शकतं, चाय खानावळीत ती धास्ती नाही. डबाभर ठेपले घेऊन फिरणाऱ्या आमच्या एका सहप्रवाशाने इथे तीन वेळा भात घेतला. त्याचं चित्रीकरण करू दिलं नाही.

(रात्र. हुंग व्हुओंग रस्त्यालगतचा बोळ. काचेचे ग्लास.)

गोड म्हणजे ‘चे’. बर्फावर मूग, कमळाच्या बिया, मका. धाडस असेल तर साबुदाण्यासारख्या पारदर्शक गोळ्यांचं चे मागा. त्या गोळ्यांच्या पोटात भाजलेलं डुकराचं मांस असतं. मला आवडलं. बाकीच्या युनिटचं मत वेगळं आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. आपला मान्सून परततो तेव्हा इथला जोरात असतो आणि नदी रस्त्यावर येते.

(सकाळ. स्टेशनसमोरची टपरी. काचेच्या ग्लासात थेंब थेंब कॉफी.)

दा नांगच्या गाडीला चाळीस मिनिटं आहेत. ही मीठ घातलेली कॉफी, 2010 मध्ये ह्वेतच सुरू झालेली. खाली काळीभोर, वर खारट साय. ढवळायच्या आधी एक घोट तसाच घ्या.