पाकीट बदलताना मधले सात दिवस

अध्यक्ष महोदय, मंडळाच्या सभासद भगिनींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले तीन-चार गृहस्थ, तुम्ही खुर्च्यांवर बसलात तरी चालेल, विषय तुमच्याही घरचाच आहे. एका प्रकारच्या गर्भनिरोधक गोळीवरून दुसऱ्या प्रकारच्या गोळीवर कसे जावे, हे मी आज सांगणार आहे. पण त्याआधी माझ्या मनात बरीच वर्षे सलत असलेल्या सात दिवसांविषयी बोलू द्या.

माला-एनचे पाकीट आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिले आहे. त्यातल्या 28 गोळ्यांपैकी 21 पांढऱ्या गोळ्यांत प्रत्येकी लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टोजेन 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन 0.03 मिलिग्रॅम, अशी दोन संप्रेरके असतात. उरलेल्या सात तपकिरी गोळ्यांत संप्रेरक मुळीच नसते, असते ते लोह. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत येणारी पाळी ही खरी पाळी नव्हे, संप्रेरके थांबल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळते, एवढेच. बीजकोश मात्र संप्रेरकांच्या या सात दिवसांच्या सुटीत हळूहळू जागे होऊ लागतात. सात दिवसांत त्यांच्यातून सहसा बीज बाहेर पडत नाही, पण सुटी नऊ-दहा दिवसांवर गेली तर पडू शकते. आणि सुटी लांबते ती नेमकी पाकीट बदलताना, कारण "आधीचे औषध अंगातून जाऊ दे, एक पाळी होऊ दे, मग नवे सुरू कर" हा सल्ला शेजारीण देते, थोरली जाऊ देते आणि, सांगायला संकोच वाटतो, आम्हा डॉक्टरांतलेही काहीजण देतात.

इतरांना नावे ठेवण्यापूर्वी माझी स्वतःची चूक सांगते. माझ्याकडे एक शिक्षिका येत असत. सहा वर्षे त्या पांढऱ्या-तपकिरी गोळ्या घड्याळ लावून घेत होत्या. तपकिरी गोळ्यांनी पोट बिघडते म्हणून तेवढ्या टाकून देत, आणि त्यात गैर काही नव्हते. पुढे त्यांचा रक्तदाब वाढला. अशा वेळी इस्ट्रोजेन नको, म्हणून मी त्यांना केवळ प्रोजेस्टोजेन असलेली डेसोजेस्ट्रेलची गोळी लिहून दिली, "रोज एक" असे बजावले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. चार महिन्यांनी त्या मळमळते म्हणून आल्या. त्यांनी पर्समधून नवे पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवले, तेव्हा 21 घरे रिकामी होती आणि शेवटच्या सात घरांतल्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. "बाई, शेवटच्या सात मी नेहमीच सोडते," त्या म्हणाल्या. त्या पाकिटातल्या 28 च्या 28 गोळ्या औषधी होत्या, सगळ्यांचा रंग एकच होता, आणि हे एक वाक्य मी त्यांना सांगितलेले नव्हते. गणिताच्या शिक्षिका होत्या. 28 मधून सात वजा करण्याची सवय मीच त्यांना सहा वर्षे लावली होती. पाकीट बदलले तरी हात जुन्याच हिशेबाने चालतो, हे मी त्या दिवशी शिकले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा ज्यासाठी तुम्ही आलात ते आता भरभर सांगते.

दोन्ही संप्रेरके असलेल्या एका गोळीवरून तशाच दुसऱ्या गोळीवर जायचे असेल, तर शेवटच्या पांढऱ्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे. तपकिरी गोळ्या वाया जातात याचे दुःख करू नये. तीही सुटी हवीच असेल तर सात दिवसांची घ्यावी, आठव्याची नाही. मिनीपिलवर, म्हणजे केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीवर, जाताना मात्र सुटीच नाही: आज शेवटची पांढरी, उद्या मिनीपिलची पहिली. उलट, मिनीपिलवरून दोन संप्रेरकांच्या गोळीवर येताना मध्ये खंड पाडू नये, आणि पहिले सात दिवस निरोध वापरावा. छाया गोळीचा हिशेब निराळाच आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या या गोळीत संप्रेरक नाही. ती पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची असते, त्यामुळे रोजच्या गोळीची सवय झालेल्या बाईला वार लिहून द्यावे लागतात. नव्या गोळीवर अधूनमधून डाग पडले, तरी तीन महिने होण्याआधी ती बदलण्याची घाई करू नये. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईने इस्ट्रोजेन टाळावे, मिनीपिल चालते. मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसत असतील, तर ते बदलाआधीच डॉक्टरांना सांगावे. क्षयाचे रिफॅम्पिसिन सुरू झाले असेल, तर त्याने या संप्रेरकांचा असर उतरतो, तेव्हा एका गोळीवरून दुसऱ्या गोळीवर जाऊन उपयोग नाही. तांबी बसवून घ्यावी. तांबीविषयी पहिल्या रांगेतून हात वर झालेला दिसतो आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.