खोलीला नेमक्या किती टाइल्स लागतील?

नमस्कार. खोलीचे क्षेत्रफळ काढायचे, त्याला एका टाइलच्या क्षेत्रफळाने भागायचे आणि वर दहा टक्के जास्त धरायचे, ही टाइल्सचा हिशेब करण्याची सर्वांना ठाऊक असलेली रीत आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ती कुठे अपुरी पडते हे आज आपण एका साध्या आयताकृती खोलीवर आकडे मांडून पाहू, कारण टाइल्स कमी पडल्याचे काम शेवटच्या ओळींवर आल्यावरच कळते आणि तोपर्यंत त्याच बॅचचा माल शिल्लक असेलच असे नसते.

आधी मापाविषयी. प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना आणि मध्यभागी अशी तीनदा मोजावी आणि त्यांतले सर्वांत मोठे माप धरावे. त्यानंतर खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत, तर मिस्त्री म्हणतात त्याप्रमाणे खोली गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, आणि एका भिंतीलगतचे तुकडे तिरके कापावे लागणार, हे आधीच समजून घ्यावे. दाराच्या चौकटीखालची जागा हमखास मोजायची राहते, तीही यात मिळवावी. खोली सरळ आयताकृती नसेल, तर तिचे आयत पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा करावा.

टाइलच्या मापातही एक फसगत आहे. ज्या टाइलला आपण सर्रास ‘दोन बाय दोन’ म्हणतो, ती बहुधा ६०० मिलिमीटरची असते, तर दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. त्यामुळे तिचे क्षेत्रफळ ४ चौरस फूट नसून सुमारे ३.८७५ चौरस फूट भरते. शंभर टाइल्समागे हा फरक साडेबारा चौरस फुटांचा, म्हणजे तीन टाइल्सहून अधिक होतो. म्हणून खोक्यावर छापलेले माप पाहूनच हिशेब करावा, आणि शक्यतो तो मीटरमध्येच ठेवावा.

[पडद्यावर: खोलीचा आराखडा, ३.७ मीटर × ३.१ मीटर]

आता ही खोली पाहा. तिचे क्षेत्रफळ ११.४७ चौरस मीटर आहे आणि ६०० मिलिमीटरच्या एका टाइलचे ०.३६ चौरस मीटर. भागाकार येतो ३१.८६, म्हणजे ३२ टाइल्स. दहा टक्के वाढवून एका खोक्यात चार टाइल्स धरल्या, तर नऊ खोकी, म्हणजे ३६ टाइल्स होतात. कागदावर हे अगदी पुरेसे वाटते.

आता याच टाइल्स प्रत्यक्ष मांडू. एका कोपऱ्यातून अखंड टाइलने सुरुवात केली, तर लांबीत सहा आणि रुंदीत पाच अशा ३० अखंड टाइल्स बसतात आणि दोन मिलिमीटरचे सांधे वजा जाता दोन भिंतींलगत जेमतेम नऊ सेंटिमीटरची पट्टी उरते. एका टाइलमधून अशा सहा पट्ट्या निघत असल्यामुळे एकूण ३२ टाइल्समध्ये काम होते. परंतु ही अरुंद पट्टी डोळ्यांना खुपते, कापताना सहज तुटते आणि भिंत थोडी जरी वाकडी असली तरी तो वाकडेपणा उघडा पाडते. म्हणून चांगला कारागीर खोलीचा मध्य धरून आखणी करतो. तसे केले, की लांबीत पाच आणि रुंदीत चार अखंड टाइल्स येतात व चारही भिंतींलगत सुमारे ३४ सेंटिमीटरचे तुकडे बसतात. जमीन देखणी होते, पण ३४ सेंटिमीटर कापल्यावर उरलेला तुकडा २५ सेंटिमीटरचाच असतो आणि तो समोरच्या भिंतीला पुरत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी नवी टाइल कापावी लागते. सात गुणिले सहा, म्हणजे ४२ टाइल्स.

खोली तीच, टाइल तीच, आणि संख्या एकदा ३२, एकदा ४२. दहा टक्के जास्त धरूनही दुसऱ्या आखणीत सहा टाइल्स कमी पडतात. म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी चौकटीच्या कागदावर आखणी काढून कापलेल्या टाइल्ससुद्धा एकेक करून मोजाव्यात, असे मी अत्यंत आग्रहाने सांगतो. अर्ध्या तासाचे काम आहे.

उरलेले तुकडे मात्र वाया जात नाहीत. या खोलीचा घेर १३.६ मीटर आहे, ०.९ मीटरचे दार वगळता १२.७ मीटर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायची टाइलची पट्टी, लागते. ६० सेंटिमीटर लांबीच्या त्याच्या २२ पट्ट्या होतात. मध्यापासूनच्या आखणीत कडेच्या बरोबर २२ टाइल्स कापल्या जातात आणि प्रत्येकीचा ६० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद तुकडा उरतो, ज्याची एक लांब कड कारखान्यातून आलेली, साफ असते. दहा सेंटिमीटर उंचीची पट्टी कापून ती कड वर ठेवली, की स्कर्टिंगसाठी वेगळी टाइल घ्यावी लागत नाही. कोपऱ्यापासूनच्या आखणीत मात्र त्यासाठी पाच जादा टाइल्स लागतात, म्हणजे ३२ च्या ३७ होतात.

आखणीवरून मोजले, तर कापण्यातील नासधूस त्यात आलेलीच असते. फुटतुटीसाठी दोन-तीन टाइल्स पुरतात. टाइल्स तिरक्या, कर्णरेषेत बसवायच्या असतील आणि आखणी काढली नसेल, तर मात्र क्षेत्रफळावर पंधरा टक्के धरावेत.

आपल्या खोलीसाठी ४२ आणि ३ मिळून ४५, म्हणजे १२ खोकी आणि ४८ टाइल्स. खोकी घेताना प्रत्येकावरचा बॅच आणि शेडचा क्रमांक जुळतो का ते पाहावे, कारण एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगछटा आणि कधी कधी मापही किंचित बदलते. काम झाल्यावर उरलेल्या टाइल्स परत करू नयेत. पुढे नळाच्या दुरुस्तीसाठी एखादी टाइल फोडावी लागली, तर तिच्या जागी त्याच लागतील. त्या उभ्या रचून ठेवाव्यात आणि खोक्यावरचा क्रमांक असलेला तुकडा कापून त्यांच्यासोबतच जपावा.