येझरमनवर रागवायचं कसं?

मंडळी, हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, धनराज पिल्ले आठवतो. बर्फावरची हॉकी ट्रॉय, नोवाय, कँटन या डेट्रॉईटच्या उपनगरांतल्या मराठी घरांत शिरली ती बहुतेक मुलांमुळेच. म्हणून ज्यांच्या घरी ती अजून पोचलेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

डेट्रॉईट रेड विंग्ज हा एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या लीगमधला आपला संघ २०१६ पर्यंत सलग २५ मोसम प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, खेळला. त्यानंतर २०२५ पर्यंत मात्र एकदाही नाही. २०२४-२५ चा मोसम हा हुकलेला नववा. २०१७ साली शहराच्या मध्यभागी लिटल सीझर्स अरीना उभं राहिलं, आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत तिथे रेड विंग्जचा एकही प्लेऑफ सामना झाला नाही. इतक्या अपयशानंतर दुसऱ्या कुठल्याही शहरात जनरल मॅनेजरच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या-सोडणाऱ्या माणसाच्या, नावाने शिमगा झाला असता. इथे लोक चिडतात, पण नाव घ्यायची वेळ आली की आवाज खाली येतो, कारण ते नाव स्टीव्ह येझरमनचं आहे. १९८३ ते २००६ तो याच एका संघाकडून खेळला, त्यातली जवळपास वीस वर्षं कर्णधार होता, आणि १९९७, १९९८ व २००२ अशा तीन वेळा त्याने इथे स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणला. अशा माणसावर रागवायचं कसं, हीच इथल्या चाहत्यांची पंचाईत आहे.

एप्रिल २०१९ मध्ये तो मॅनेजर म्हणून परतला. हाती आलेला संघ म्हाताऱ्या, महागड्या करारांनी वाकलेला होता. लोकांनी त्याच्या आराखड्याला लगेच 'येझरप्लॅन' हे लाडाचं नाव दिलं. पहिल्याच मोसमात संघाने ७१ सामन्यांत १७ जिंकले. सर्वांत वाईट संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते, पण तो ठरतो सोडतीने. सोडतीत डेट्रॉईट घसरलं थेट चौथ्या क्रमांकावर. त्यानंतरही नशिबाने या संघाला कधी वर ढकललेलं नाही. येझरमनच्या बाजूचे लोक हे दरवेळी सांगतात, आणि त्यांचं खरं आहे.

त्या चौथ्या क्रमांकावर त्याने लुकास रेमंड घेतला. त्याआधी २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर जर्मनीचा मोरित्झ सायडर घेतला, तेव्हा सगळे चक्रावले होते. तोच सायडर २०२२ मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पोरं हेरण्यात या माणसाची नजर पक्की आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गडबड आहे ती तयार खेळाडू विकत घेण्यात आणि विकण्यात.

जेक वॉलमनचं उदाहरण घ्या. बरा बचावपटू, गोल झाल्यावर नाचणारा, लोकांचा लाडका. जून २०२४ मध्ये येझरमनने तो सॅन होजेच्या संघाला दिला. बदल्यात काय मिळालं? म्हणण्यासारखं काहीही नाही. उलट ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत खेळाडू निवडण्याचा एक हक्क वर घातला! लीगने घातलेल्या पगाराच्या मर्यादेत जागा करायची होती, असं समर्थन झालं. पण नऊ महिन्यांत सॅन होजेने त्याच वॉलमनसाठी एडमंटनकडून पहिल्या फेरीतली निवड मिळवली. त्या दिवशी येझरमनचे कट्टर भक्तही गप्प होते. चूक कुणाकडूनही होते. पण वॉलमन का गेला, हे चाहत्यांना पटेल असं कधीच कळलं नाही. येझरमन बोलतोच कमी. खेळाडू असताना त्याचा हा स्वभाव लोकांना भारदस्त वाटायचा.

माझं स्वतःचं म्हणणं असं, की तरुण पोरांच्या जोरावर संघाची पुनर्बांधणी २०२२ च्या उन्हाळ्यातच थांबली, फक्त कुणी तसं जाहीर केलं नाही. त्या जुलैत अँड्र्यू कॉपला पाच वर्षांचा आणि बेन चिअरॉटला चार वर्षांचा करार दिला. मधल्या फळीचे, कष्टाळू, अनुभवी खेळाडू. अशांनी संघ तळातून वर येतो, पण शिखराकडे जात नाही. मग ड्राफ्टमधल्या निवडीचे क्रमांक नववा, पंधरावा, तेरावा असे येऊ लागले. २०२३-२४ मध्ये तर ९१ गुण झाले, शेवटच्या दिवशीचा सामनाही जिंकला, आणि तरीही प्लेऑफ हुकलं, कारण तितकेच गुण असलेल्या वॉशिंग्टनचे नियमित वेळेतले विजय जास्त होते. काहींना ही प्रगती वाटते. मला वाटतं, आपण ना पूर्ण पाडलं ना पूर्ण बांधलं, त्याची ही किंमत.

यावर टॅम्पाचा, म्हणजे येझरमनच्या आधीच्या संघाचा, दाखला हमखास येतो. २०१० ते २०१८ तो तिथे मॅनेजर होता. कुचेरोव्ह, वासिलेव्हस्की, पॉइंट हे तिथले मोठे खेळाडू त्याच्याच काळात निवडले गेले, आणि तो गेल्यावर टॅम्पाने २०२० व २०२१ मध्ये कप जिंकला. म्हणजे याला वेळ द्या, फळ येईल. युक्तिवाद वजनदार आहे, पण अर्धा आहे. स्टॅमकोस आणि हेडमन हे दोन खांब तो टॅम्पात पोचला तेव्हा तिथे आधीच उभे होते. डेट्रॉईटमध्ये तसं कुणी त्याची वाट बघत नव्हतं. डिलन लार्किन होता, चांगला खेळाडू, पण त्या तोडीचा नाही.

आणि मग लार्किनच बोलला. मिशिगनमध्येच वाढलेला, येझरमनचाच वारसा चालवणारा कर्णधार. २०२४-२५ चा मोसम संपल्यावर त्याने पत्रकारांना सांगितलं, की खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपताना संघात मोठी भर पडली नाही आणि पोरांचा उत्साह त्यामुळे खचला. चाहता रागावतो तेव्हा त्याला अधीर म्हणून उडवून लावता येतं. कर्णधाराला कसं उडवणार? आमच्या ओळखीतले जे लोक सहा वर्षं 'थांबा, त्याला ठाऊक आहे' म्हणत होते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या आठवड्यात पहिल्यांदाच येझरमनचं नाव घेऊन तक्रार केली. आवाज न उतरवता.