साहेबाचे ओटे आणि तीस वर्षांचा घोळ

(दृश्य: वाघोटन खाडीचं मुख, पलीकडे किल्ल्याची तिहेरी तटबंदी)

विजयदुर्ग, तालुका देवगड. आधी शिलाहार, पुढे शिवरायांचं आरमार, मग आंग्रे. १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला. हे सगळं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं, म्हणून आपण थेट आत जाऊ.

(दृश्य: ओटे, जवळून)

बघायला गेलं तर हे नुसते चौथरे, त्यावर ना नक्षी ना शिलालेख. लोक यांना साहेबाचे ओटे म्हणतात, कुणी कट्टेही म्हणतं. किल्ला दाखवणारा हात करून सांगतो, "हयसरच हेलियम गावलो!" १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि सूर्यावरचं नवं मूलद्रव्य शोधलं, अशी ती गोष्ट.

साहेब खरा आहे, ओटेही खरे आहेत, आणि त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा इथूनच गेला हेही खरं. घोळ आहे तो सालाचा.

त्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडात होते. आणि ऐन पावसाळ्यात सूर्य बघायला कोकणात येणार तरी कोण? फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला. जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होते, त्यांना ढगांनी छळलंच. तिकडे सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा मोंगकुट याने ग्रहणाचं गणित स्वतः मांडलं, पाहुणे बोलावून ग्रहण दाखवलं, आणि त्याच मुक्कामात जडलेल्या तापाने १ ऑक्टोबरला तो वारला.

सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णरेषा, म्हणजे त्यांचा प्रकाश लोलकातून फाकवला की दिसणाऱ्या रंगीत रेषा, इतक्या ठळक आहेत की त्या ग्रहणाविनाही दिसतील, हे जान्सेन यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. २० ऑक्टोबरला लॉकियर यांनी घरबसल्या तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या रेषांमध्ये एक पिवळी होती, सोडियमच्या जोडरेषांना खेटून, पण सोडियमची नव्हे. लॉकियर म्हणाले, हे काहीतरी नवं आहे. रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. १८९५ मध्ये लंडनमध्ये रॅमझे यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली, तेव्हा कुठे वाद मिटला. तेच हेलियम.

(दृश्य: किल्ल्यावरून समुद्र, भर दुपार)

साहेब विजयदुर्गला आले ते त्याच्याही नंतर. २२ जानेवारी १८९८, पौषातली अमावास्या. लॉकियर ६१ वर्षांचे, हेलियमचं श्रेय पदरात पडलेलं. मुंबईत प्लेगचं थैमान चालू होतं. किल्ल्यासमोर मेल्पॉमिनी ही ब्रिटिश युद्धनौका उभी होती आणि तिच्यावरचे खलाशी साहेबांच्या दिमतीला.

ओटे लागतात ते अशा कामाला. यंत्राखालची जमीन केसभर हलली तरी फोटो वाया जातो. जड कॅमेरा फिरवत बसण्यापेक्षा तो आडवा पक्का बसवायचा आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या आरशाने सूर्य त्यात पाडायचा. कॅमेऱ्यापुढे लोलक लावला, की ज्वाळांचा प्रकाश रंगारंगांत फाकून फोटोच्या काचेवर उमटतो. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, म्हणून आधी खलाशांकडून रंगीत तालमी करून घेतल्या. एकाने उरलेले सेकंद ओरडून सांगायचे, दुसऱ्याने काच बदलायची, काहींनी नुसत्या डोळ्यांनी सूर्याभोवतीचं तेजोवलय, म्हणजे प्रभामंडळ, पाहून चित्र काढायचं. तोफा डागायची सवय असलेली माणसं ती, वेळेची शिस्त त्यांना कुणी शिकवायला नको होती.

त्याच दिवशी घाटावर जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही दुर्बिणी मांडल्या होत्या आणि पुढे त्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल छापला. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, हे मला सालाच्या चुकीपेक्षा जास्त खटकतं.

दर १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. जरूर व्हावा, पोरं त्या निमित्ताने वर्णपट म्हणजे काय ते विचारतात. पण एखादा कार्यक्रम २२ जानेवारीलाही ठेवायला हरकत नाही. त्या दिवसांत आभाळ निरभ्र असतं, आणि ओट्यांपर्यंत जाताना चिखल तुडवावा लागत नाही.